हात सुधारला, मग हिशेब का चुकतोय?

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर त्यांना पॅरालिसिसचा झटका आला, उजवा हात आणि पाय लुळा पडला. फिजिओथेरपी नेटाने केली. चार महिन्यांत ते काठीशिवाय चालू लागले, सहीही करू लागले. आम्ही सुटकेचा श्वास टाकला. पण त्यानंतर त्यांचं डोकं चालेनासं झालंय. ते पतसंस्थेत रोखपाल होते. दूध संघाचं दहा दिवसांचं बिल तोंडी जुळवायचे. आता लिटर आणि फॅट यांचा मेळ बसत नाही, मग चिडतात आणि कागद बाजूला सारतात. पुन्हा एमआरआय केला, नवीन झटका दिसला नाही. डॉक्टर म्हणाले, मेंदूत इन्फ्लमेशन राहिलेलं असू शकतं. झटका एकदाच आला, मग मेंदू इतक्या महिन्यांनी कसा बिघडतो? आणि इन्फ्लमेशनवर गोळी मिळत नाही का?
— एक वाचक, कराड

उत्तर : असं होतं, आणि अनेकांच्या बाबतीत होतं. 'वय झालं' म्हणून ते सोडून देऊ नका, एवढं आधीच सांगतो. ६८ हे काही हिशेब विसरण्याचं वय नाही, आणि जो माणूस वर्षभरापूर्वी तोंडी बिल जुळवत होता त्याच्या मेंदूत काहीतरी घडलं आहे.

झटक्यानंतर स्मरणशक्ती आणि विचारशक्ती घसरण्याचं प्रमाण किती, यावर बराच अभ्यास झाला आहे. ऑक्सफर्डच्या सारा पेंडलबरी आणि पीटर रॉथवेल यांनी २००९ मध्ये जगभरच्या अभ्यासांची एकत्र छाननी केली. दहातल्या एका रुग्णाला पहिल्या झटक्याच्या आधीपासूनच डिमेन्शिया होता, आणखी एकाला पहिल्या झटक्यानंतर लवकरच झाला, आणि ज्यांना पुन्हा झटका आला त्यांच्यात हे प्रमाण एक तृतीयांशाच्या वर गेलं. ही डिमेन्शियाची, म्हणजे रोजचे व्यवहार स्वतःचे स्वतः जमेनासे होण्याची संख्या आहे. त्याच्या अलीकडे, अण्णांसारखं फक्त हिशेब, नियोजन किंवा लक्ष यांत मागे पडलेल्यांची संख्या याहून मोठी आहे. ती मोजलीही कमी जाते, कारण ओपीडीत सगळे हात वर करायला सांगतात, चालून दाखवायला सांगतात. बिल जुळवायला कोणी सांगत नाही.

इथे तुम्हाला एक गोष्ट विचारतो. पहिल्या चार महिन्यांत अण्णांना कोणी बिल दिलं होतं का? बहुतेक नसेल. घरातल्या सगळ्यांचं लक्ष त्या हाताकडे असतं, आणि ते साहजिक आहे. म्हणून पुष्कळदा झटक्याच्याच दिवशी झालेलं नुकसान माणूस घरात पुन्हा हिंडू-फिरू लागला की डोळ्यांवर येतं, आणि ते नंतर झालं असं वाटतं. तुमच्या डॉक्टरांना हे वेगळं करावं लागेल. पण काहींच्या बाबतीत घसरण खरोखरच नंतर होते. अमेरिकेतल्या मोठ्या लोकसंख्येवर वर्षानुवर्षं चाललेल्या 'रिगार्ड्‌स' अभ्यासात २०१५ साली हे स्पष्ट दिसलं. झटका आला तेव्हा बुद्धीच्या चाचण्यांचे गुण एकदम खाली आले, आणि पुढच्या वर्षांतही ते पूर्वीपेक्षा जास्त वेगाने उतरत राहिले. तुमचा प्रश्न नेमका या दुसऱ्या भागाचा आहे.

आता इन्फ्लमेशनकडे, म्हणजे दाहाकडे येऊ. मोठी रक्तवाहिनी बंद पडली आणि उपचार झाला नाही तर दर मिनिटाला मेंदूतल्या सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब अमेरिकन मेंदूतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडला. या मेलेल्या पेशी फुटतात आणि त्यांच्या आतला ऐवज बाहेर सांडतो. मेंदूत स्वतःच्या रक्षक पेशी असतात, त्यांना मायक्रोग्लिया म्हणतात. स्पॅनिश शास्त्रज्ञ पीओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्या वेगळ्या ओळखून दाखवल्या. सांडलेला ऐवज दिसताच त्या जाग्या होतात आणि रसायनं सोडून रक्तातल्या पांढऱ्या पेशींना बोलावतात. एरवी रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये कडक पहारा असतो. झटक्यात तो ढिला पडतो. पहिल्या एक-दोन दिवसांत न्यूट्रोफिल आत शिरतात, पाठोपाठ कचरा गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशी येतात, आणि पुढच्या आठवड्यांत लिम्फोसाइट येतात. यालाच दाह म्हणायचं. हा शत्रू नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. ही साफसफाई झाली नाही तर जखम भरणारच नाही.

अडचण साफसफाई संपत नाही तेव्हा सुरू होते. तुम्ही कृष्णा-कोयनेच्या काठचे. पुराचं पाणी चार दिवसांत ओसरतं, पण घरातला गाळ काढायला महिना जातो आणि भिंतीत मुरलेली ओल तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत शेजारच्या कोरड्या खोलीतही झिरपत राहते. मेंदूचं काहीसं तसंच होतं. हृदयविकाराच्या झटक्यात मेलेल्या स्नायूच्या जागी काही आठवड्यांत घट्ट व्रण तयार होतो. मेंदूचा मेलेला भाग मात्र पातळ होतो आणि तसाच महिनोन्‌महिने राहतो. याचं एक कारण मेंदूच्या घडणीत आहे. मेंदूत चरबी फार. शरीरातल्या एकूण कोलेस्टेरॉलपैकी साधारण पाचवा हिस्सा एकट्या मेंदूत असतो, त्यातला बराचसा चेतातंतूंवरच्या मायेलिनच्या वेष्टनात. मॅक्रोफेज ही चरबी गिळतात, पण ती पचवणं त्यांना जड जातं. पोट तुडुंब भरलेल्या या पेशी तिथेच अडकून पडतात आणि दाहाची रसायनं सोडत राहतात. ॲरिझोना विद्यापीठात क्रिस्टियन डॉयल यांच्या गटाने उंदरांमध्ये हे सविस्तर पाहिलं. मेलेल्या भागाभोवती व्रणाची जी भिंत तयार होते ती पूर्ण बंदिस्त नसते. आतलं विषारी द्रव आठवड्यांनंतरही तिच्यातून शेजारच्या चांगल्या मेंदूत झिरपतं, असं त्यांना आढळलं.

डॉयल आणि स्टॅनफर्डच्या मॅरियन बकवॉल्टर यांचा २०१५ चा प्रयोग तर तुमच्या प्रश्नासाठीच केला असावा इतका जवळचा आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. त्यांनी उंदरांना असा झटका दिला की स्मरणशक्तीचं केंद्र, हिप्पोकॅम्पस, त्यातून वाचलं. आठवड्याने तपासलं तर उंदरांची स्मरणशक्ती शाबूत होती. सात आठवड्यांनी तपासलं तर ती घसरलेली होती. दरम्यान नवा झटका आलेला नव्हता. मधल्या काळात मेलेल्या भागात बी-लिम्फोसाइट या प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी गोळा झाल्या होत्या, आणि त्यांची प्रतिपिंडं शेजारच्या वाचलेल्या भागापर्यंत पोचली होती. ज्या उंदरांमध्ये जन्मतःच बी-पेशी नव्हत्या त्यांची स्मरणशक्ती घसरली नाही. आणि ज्यांना झटक्यानंतर काही दिवसांनी बी-पेशी नष्ट करणारं औषध दिलं त्यांचीही वाचली. त्या शास्त्रज्ञांनी झटका आणि डिमेन्शिया दोन्ही असलेल्या काही माणसांच्या मृत्यूनंतरच्या मेंदूंतही या पेशी पाहिल्या. 'झटका एकदाच आला, मग नंतर का?' याचं हे आजवर मिळालेलं सर्वांत नेमकं उत्तर आहे. माणसांच्या पेट स्कॅनमध्येही मूळ जखमेपासून दूर, तिला जोडलेल्या तंतूंच्या वाटेवर, मायक्रोग्लिया जाग्या झालेल्या दिसतात. साध्या एमआरआयमध्ये यातलं काही दिसत नाही. म्हणून 'एमआरआयमध्ये नवीन काही नाही' आणि 'अण्णांमध्ये बदल झालाय' ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात.

आता गोळीचं. इथे मला तुम्हाला खोटी आशा द्यायची नाही. आज झटक्यानंतरची बुद्धीची घसरण थांबवण्यासाठी दाहावरचं कुठलंही औषध सिद्ध झालेलं नाही. बी-पेशींचंच पाहा. २०१५ मध्ये त्या खलनायक ठरल्या, आणि २०२० मध्ये अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका गटाने उंदरांमध्येच दाखवलं की त्या झटक्यानंतर मेंदूच्या दूरच्या भागांत जाऊन सुधारणेला मदत करतात, त्या काढून टाकल्या तर उंदीर मागे पडतात. तीच पेशी वेगळ्या जागी, वेगळ्या वेळी वेगळं काम करते. माणसांवरचा अनुभव आणखी सावध करणारा आहे. पांढऱ्या पेशींना मेंदूत शिरू न देणारं एनलिमोमॅब नावाचं औषध ६२५ रुग्णांच्या चाचणीत झटक्यानंतर लगेच देऊन तपासलं गेलं. २००१ मध्ये निकाल आला : औषध मिळालेल्या रुग्णांची अवस्था न मिळालेल्यांपेक्षा वाईट झाली. संधिवातात वापरतात ते कोल्चिसिन पुढचा झटका टाळेल का, याचे दोन मोठे अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले, एक युरोपातला आणि एक चीनमधला. दोन्हींत ठोस फायदा दिसला नाही. म्हणून मेडिकलमधून आपल्याच मनाने 'सुजेची गोळी' आणून अण्णांना देऊ नका. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या मेंदूतला हा दाह कमी करत नाहीत. उलट रक्तदाब वाढवतात, मूत्रपिंडाला त्रास देतात, आणि ॲस्पिरिनबरोबर घेतल्या तर पोटात रक्तस्राव होण्याची भीती असते.

मग करायचं काय? बरंच काही करता येतं, आणि ते दाहावरच्या कुठल्याही गोळीपेक्षा आज जास्त खात्रीचं आहे. मघाचा आकडा पुन्हा पाहा : दुसऱ्या झटक्यानंतर डिमेन्शिया एक तृतीयांशाच्या वर. याचा अर्थ अण्णांची बुद्धी वाचवायची सर्वांत मोठी संधी दुसरा झटका टाळण्यात आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'प्रोग्रेस' अभ्यासात झटका येऊन गेलेल्या ६,१०५ रुग्णांपैकी निम्म्यांना रक्तदाबाची औषधं दिली, निम्म्यांना दिसायला तशाच पण निष्क्रिय गोळ्या. सुमारे चार वर्षांत औषध घेणाऱ्यांपैकी ९.१ टक्क्यांची बुद्धी लक्षणीय घसरली, न घेणाऱ्यांपैकी ११ टक्क्यांची. फरक लहान दिसतो, पण ज्या घरात तो पडतो त्या घरासाठी तो सगळा असतो. आपल्याकडे बीपी एकदा १३०-८० आलं की 'आता नॉर्मल आहे' म्हणून गोळी बंद करायची सवय आहे. ते नॉर्मल गोळीमुळे आलेलं असतं. रक्त पातळ ठेवणारी गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, साखरेचं औषध यांचंही तेच. तंबाखू असेल, मग ती चिमूटभर का असेना, तर ती सुटली पाहिजे. घरातल्या बायकांची मिश्रीही तंबाखूच आहे, हे जाता जाता सांगतो.

दुसरं काम तपासणीचं. 'अण्णा विसरतात' एवढं सांगून भागणार नाही, चाचणी करून घ्या. मेंदूतज्ज्ञ साधारणपणे मोका नावाची ३० गुणांची चाचणी वापरतात. माँट्रियालमध्ये तयार झालेली ही चाचणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. झटक्यानंतर नियोजन आणि लक्ष आधी ढासळतात, आणि जुन्या, फक्त आठवणीवर भर देणाऱ्या चाचण्यांत ते निसटतं. मोकात ते पकडलं जातं. त्यातला एक भाग मी रोज पाहतो. रुग्णाला कागद देऊन सांगायचं, घड्याळ काढा आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. परवा एका निवृत्त शिक्षकांनी सुबक वर्तुळ काढलं, बाराही आकडे जागच्या जागी लिहिले, आणि एक काटा अकरावर, दुसरा दहावर टेकवला. 'दहा' ऐकलं म्हणून काटा दहावर गेला, तो दोनवर हवा हे ठरवणारा भाग मागे पडला होता. त्यांची पत्नी शेजारी बसली होती. ती म्हणाली, 'यांचं असंच होतंय घरी, मला सांगताच येत नव्हतं.' अण्णांना उजव्या बाजूचा झटका होता, म्हणजे इजा डाव्या मेंदूत, तिथे भाषा आणि आकडेमोडही असते. त्यामुळे शब्द सापडत नसल्याने ते अडखळतात की विचारच जुळत नाही, हे स्पीच थेरपिस्टकडूनही पाहून घ्या. दोन्हींचा उपाय वेगळा असतो.

याच वेळी दुरुस्त होऊ शकणारी कारणं शोधा. बी-१२ आणि थायरॉईड तपासा. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं अगदी नेहमीचं आहे. रात्री मोठ्याने घोरून मध्येच श्वास थांबतो का, पाहा. झोपेच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना त्यांची यादी दाखवा. आणि मनाचं विचारा. झटका आलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना पुढे कधीतरी नैराश्य येतं. नैराश्यातला माणूसही चिडतो, कागद बाजूला सारतो, आठवत नाही म्हणतो, पण उपचाराने त्याच्यात फरक पडतो. रोखपाल राहिलेल्या माणसाला आकडे चुकण्याची लाज किती वाटत असेल, याचा विचार करा आणि त्यांना पोरासोरांसमोर टोकू नका.

एक गोष्ट भारतातली, मनाला उभारी देणारी. हैदराबादच्या निझाम इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झटका आलेल्या ६०८ रुग्णांचा अभ्यास केला. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांची बुद्धी झटक्यानंतर शाबूत होती, एकच भाषा बोलणाऱ्यांपैकी जेमतेम २० टक्क्यांची. आयुष्यभर वापरलेल्या मेंदूत गाठीला काही शिल्लक राहते, असा त्याचा अर्थ लावतात. अण्णांनी आयुष्यभर आकड्यांशी दोस्ती केली आहे, तीही अशी शिल्लकच आहे. बिल त्यांच्या हातून काढून घेऊ नका. दहा दिवसांऐवजी एका दिवसाचं द्या, लिहून करू द्या, सकाळी ताजेतवाने असताना करू द्या. रोज अर्धा तास पायी फिरवा. जमत असेल तर कट्ट्यावर पाठवा, चार माणसांत बसू द्या.

प्रश्न : आमच्या आईला झटक्यानंतर कोणीतरी हळदीच्या कॅप्सूल सुचवल्या आहेत, दाह कमी होतो म्हणून. द्याव्यात का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : भाजी-आमटीतली हळद चालू ठेवा. कॅप्सूल देऊ नका. हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेतल्या काचपात्रात दाह कमी करतं हे खरं, पण ते आतड्यातून रक्तात फारच थोडं उतरतं. ते जास्त शोषलं जावं म्हणून मिरीचा अर्क घातलेल्या कॅप्सूल निघाल्या, आणि तशा कॅप्सूलनंतर यकृताला इजा झाल्याचे रुग्ण जगात अनेक ठिकाणी नोंदले गेले आहेत. रक्त पातळ ठेवणारी औषधं चालू असतील तर रक्तस्रावाची चिंता आणखी वेगळी. ते पैसे घरी बीपीचं मशीन आणायला वापरा.

तुमच्या आईचा झटका ताजा असेल तर दाहाच्या बाबतीत एक गोष्ट मात्र तुमच्या हातात आहे : संसर्ग टाळणं. झटक्यानंतर शरीराची प्रतिकारशक्ती काही दिवस मंदावते, आणि साधारण तीस टक्के रुग्णांना कुठला ना कुठला संसर्ग होतो, बहुधा न्यूमोनिया किंवा लघवीचा. शरीरात कुठेही पेटलेला संसर्ग मेंदूतल्या दाहाला खतपाणी घालतो. म्हणून गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय तोंडाने पाणीसुद्धा देऊ नका, भरवताना उठून बसवा, दिवसातून दोनदा दात आणि जीभ स्वच्छ करा. आई एका दिवसात अचानक बरळायला लागली, रात्री झोपेनाशी झाली, तर तो डिमेन्शिया समजू नका. लघवी आणि छाती तपासून घ्या.

प्रश्न : माझ्या पतींचं तोंड दहा मिनिटं वाकडं झालं आणि आपोआप सरळ झालं. आता काही त्रास नाही. एवढ्याशा गोष्टीने पुढे बुद्धीवर परिणाम होतो का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : होऊ शकतो, आणि ती एवढीशी गोष्ट नाही. ऑक्सफर्डच्या २०१९ च्या अभ्यासात अशा तात्पुरत्या झटक्यानंतर वर्षभरात सुमारे ५ टक्के लोकांना डिमेन्शिया झाला, सौम्य झटक्यानंतर ८ टक्क्यांना आणि तीव्र झटक्यानंतर ३४ टक्क्यांना. शिवाय तात्पुरत्या झटक्यानंतर मोठा झटका येण्याचा धोका पहिल्या काही दिवसांतच सर्वाधिक असतो. पतींना आजच मेंदूतज्ज्ञांकडे न्या, उद्यावर ढकलू नका. मानेच्या रक्तवाहिन्या, हृदयाचे ठोके, साखर, रक्तदाब, सगळं तपासलं पाहिजे. आणि पुन्हा तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं, तर ते आपोआप सरळ होतंय का याची वाट पाहत बसू नका. १०८ ला फोन करा आणि जिथे सीटी स्कॅन आहे अशाच रुग्णालयात न्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं.